अर्धं घर खालून दिसतंय, अर्धं वरून

फोनवरची तक्रार अशी होती : "ओ दादा, खाली सोप्यात बसलं की ॲपमध्ये सोपा आणि देवघर दिसायलंय. वर गेलं की ते गायब, वरचा हॉल आणि गच्ची दिसायलंय. आणि स्वयंपाकघराचं तर कायच कळंना. लाइट जाऊन आली की ते कधी खाली, कधी वर."

घर सोलापूरच्या उत्तर कसब्यातलं. पुढचा भाग जुना, दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. मागे नंतर बांधलेलं आरसीसीचं दुमजली घर. पाच जागी एकाच ॲपवरून चालणारे वायफायचे स्पीकर : सोपा (पुढची बसायची जागा), देवघर, मधलं स्वयंपाकघर, वरचा हॉल आणि गच्ची. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार, त्याआधी सगळं एका सुरात वाजायला हवं, एवढीच घरमालक काकांची मागणी. माझ्या आधी दोघे येऊन गेले होते. एकाने सगळे स्पीकर रीसेट केले, दुसऱ्याने स्वयंपाकघरातला स्पीकर 'खराब' ठरवून बदलला. नवा स्पीकरही तसाच वागायला लागला, तेव्हा कंपनीच्या नावाने बोटं मोडून झाली. ॲपचा संदेश मात्र शेवटपर्यंत एकच : डिव्हाइस सापडलं नाही. का सापडलं नाही, हे एका ओळीत सांगणं कुठल्याही ॲपला जड नाही. पण ते सांगत नाहीत आणि गिऱ्हाइकाचे पैसे स्पीकर बदलण्यात जातात.

बाहेरच्यांना न कळणारी गोष्ट म्हणजे, घरभर वाजणाऱ्या अशा सिस्टिममध्ये फोन हा बहुतेक वेळा नुसता रिमोट असतो. ॲपमधून गाणं निवडलं की स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ते ओढतो. गाणं सुरू करून फोन बंद करून बघा, गाणं चालूच राहतं. ब्लूटूथवर तसं होत नाही, तिथे आवाज फोनमधूनच जातो. फोनवरून एअरप्ले (ॲपलची आवाज पाठवायची पद्धत) केलं तरी गाणं फोनमधूनच वाहतं. २०१८ साली आलेल्या एअरप्ले २ ने एकाच वेळी अनेक खोल्या जोडता येऊ लागल्या, एवढंच. स्पीकरच्या ॲपमध्ये खोल्यांचा गट केला की एक स्पीकर म्होरक्या होतो. तो गाणं एकदा घेतो आणि घरच्या नेटवर्कवरून बाकीच्यांना वेळेच्या खुणेसह वाटतो. बाकीचे थोडं साठवून ठरलेल्या क्षणी वाजवतात. तीस-चाळीस मिलीसेकंदांचा फरक पडला की दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या माणसाला घुमल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून इंटरनेटचा वेग इथे जवळपास बिनकामाचा. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला १,४११ किलोबिट मागतं. पाचही खोल्यांत वेगवेगळी गाणी लावली तरी सात मेगाबिटच्या आसपास. काकांना कुणीतरी दोनशे मेगाबिटचा प्लॅन घ्यायला लावला होता. त्याने काहीही बदलणार नव्हतं.

बदल कुठे होता, ते फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये दिसलं. सोप्यात उभं राहून नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली, तर फोनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक, १९२.१६८.१ ने सुरू होणारा. जिना चढून वर गेलो, फोनने थोडा वेळ घेतला आणि पत्ता झाला १९२.१६८.० ने सुरू होणारा. वायफायचं नाव तेच, पासवर्ड तोच, नेटवर्क मात्र दोन.

झालं असं होतं. फायबरची लाइन सोप्यात येते. तिथे इंटरनेट देणाऱ्या लाइनवाल्यांचा डबा, म्हणजे ओएनटी. त्याचं स्वतःचं वायफाय आहे आणि तो स्वतः राउटरही, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणारा, आहे. त्याच्यापासून एक केबल मागच्या टीव्ही युनिटपर्यंत, तिथे दोन नगांच्या मेश संचातला (मिळून घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे) मुख्य राउटर. दुसरा नग वरच्या मजल्यावर. मेशही स्वतःचे पत्ते वाटतो. जोडणी करणाऱ्या मुलाने 'घरच्यांना सोपं जावं' म्हणून दोन्हीकडे एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला. या मुलांना जोडणीमागे पैसे मिळतात, नेट चालू झालं की ते पुढच्या घरी. त्यांना ज्यांनी शिकवायचं, त्यांनी हे शिकवलेलं नाही.

ॲप स्पीकर कसे शोधतं, ते इथे कळायला हवं. ते २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर (ठरलेल्या दारावर) सगळ्यांना एकदम हाक मारतं. काही सिस्टिम २३९.२५५.२५५.२५० वर, १९०० पोर्टवर मारतात. ही हाक वाड्याच्या चौकात मारल्यासारखी असते, शेजारच्या वाड्यात ती जात नाही. राउटर ती मुद्दामच ओलांडू देत नाही. त्यामुळे ओएनटीच्या वायफायवरचा फोन फक्त ओएनटीवरचे स्पीकर बघणार आणि मेशवरचा फोन फक्त मेशवरचे.

राहिला स्वयंपाकघराचा लपंडाव. त्यासाठी दोन्ही डब्यांची पानं लॅपटॉपवर उघडून जोडलेल्या उपकरणांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या आणि काकांना मेन स्विच पाडायला सांगितला. ओएनटी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर, स्वयंपाकघरातला स्पीकरही इन्व्हर्टरवर. टीव्ही युनिट मात्र नाही. लाइट गेली, मुख्य मेश मेला. त्याचं पानही बंद पडलं, आणि आधी त्याच्या यादीत असलेला स्वयंपाकघरातल्या स्पीकरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओएनटीच्या यादीत उगवला. त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं वायफाय समोर आहे, तो जोडला जाणारच. लाइट आली, मेश जागा झाला, तरी स्पीकर परत गेला नाही. मिळालेलं वायफाय चालू असताना तो ते का सोडेल? इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की तो स्वतःही बंद पडायचा आणि परत चालू होताना जे वायफाय जोरात मिळेल ते धरायचा. बदलून टाकलेल्या त्या जुन्या स्पीकरमध्ये कसलाच दोष नव्हता.

दुरुस्तीत पहिलं काम म्हणजे ओएनटीचं वायफाय बंद, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्टे. एकच बंद केलं तर भूत अर्धंच उतरतं. दुसरं, मेशचा मुख्य राउटर उचलून सोप्यात ओएनटीच्या शेजारी आणला आणि दोघांना एकाच इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेतलं. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर केलं. साध्या मोडमध्ये लाइटवरून बॅटरीवर जाताना इतका वेळ जातो की राउटर रीस्टार्ट होऊ शकतो. जिथे इन्व्हर्टर नाही तिथे, दोन्ही डबे १२ व्होल्टवर चालणारे असतील तर, १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस चालतो, पण दोन्ही ॲडॅप्टरवरचे अँपिअर मिळवून त्याहून मोठा घ्यावा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) ओएनटीला जोडलेला होता, तोही मेशच्या मागे घेतला.

मग भिंती. दगड-मातीच्या दोन फुटी भिंतीतून मेशचे नग एकमेकांशी हवेतून बोलतात खरे, पण अडखळत, आणि गटात वाजवताना अडखळणंच ऐकू येतं. त्यामुळे टीव्ही युनिटजवळ आणि वर, दोन्ही ठिकाणचे नग केबलवर घेतले. म्हणजे एक नग जास्त लागला आणि वरच्या मजल्यापर्यंत कॅट ६ ची, म्हणजे नेटवर्कची, नवी केबल. शुद्ध तांब्याची घेतली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्तात मिळते, पण वाकवली की आत तुटू शकते आणि दोष शोधायला दिवस जातो. काकांनी माळवदाला भोक पाडू दिलं नाही आणि ते बरोबरच होतं, एकदा पांढरी माती हलली की पावसाळ्यात गळती ठरलेली. केबल बाहेरून, पाइपात घालून नेली. स्पीकरवर मोठी रक्कम मोजणारी माणसं या केबलच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतात. 'वायरलेस घेतलंय ना, मग वायर कशाला?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. वायरलेस म्हणजे ॲम्प्लिफायर एका जागी ठेवून घरभर स्पीकरच्या वायरी ओढायच्या नाहीत, इतकंच. प्रत्येक स्पीकरला वीज लागते आणि वायफायच्या प्रत्येक डब्याला केबल मिळाली तर सोनं.

२.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल 'ऑटो'वरून काढून ११ वर पक्कं केलं, रुंदी २० मेगाहर्ट्झ. कसब्यात घराला घर लागून आहे, शेजारची वायफायं १ आणि ६ वर दाटली होती. ऑटोवर राउटर मध्येच चॅनेल बदलतो आणि गाणं तुटतं. पाचही उपकरणांना कायमचे पत्ते दिले. गेस्ट वायफायवर पाहुण्यांना गाणी बदलता येणार नाहीत, हे सांगून ठेवलं. तिथली उपकरणं बाकीच्यांपासून तोडलेली असतात.

एवढं करूनही सूनबाईंच्या फोनवर एकही खोली दिसेना. ऑफिसचा व्हीपीएन (फोनचं सगळं नेट ऑफिसमार्गे नेणारी सोय) चालू होता, तो बंद केल्यावर पाचही दिसल्या. मुलाच्या आयफोनवर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी नाकारलेली होती; आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, ती प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर लोक घाईत 'नको' म्हणतात आणि विसरतात. आजोबांना फोन द्यायचाच नव्हता. देवघराच्या ॲम्प्लिफायरसोबत प्रीसेटची, म्हणजे आधी ठरवून ठेवलेलं गाणं लावणारी, बटणं असलेला रिमोट येतो, त्याच्या पहिल्या बटणावर त्यांचे अभंग लावले आणि त्या खोलीला आवाजाची कमाल मर्यादा घातली, म्हणजे नातवाने चुकून सगळ्या खोल्यांचा आवाज एकदम वाढवला तरी देवघर दचकणार नाही.

माझ्या डोक्यात अजून घोळतंय ते एकच. बरेच जण म्हणतात की दोन राउटर एकामागे एक ठेवणंच चूक, मेशला सरळ ॲक्सेस पॉइंट, म्हणजे पत्ते न वाटता नुसतं वायफाय देणारा डबा, करून टाकायचं. तसं केलं असतं तर उद्या लाइनवाल्यांनी ओएनटी बदलून पुन्हा तेच नाव ठेवलं, तरी सगळे एकाच नेटवर्कमध्ये राहिले असते. पण मग पत्ते वाटणार लाइनवाल्यांचा डबा. त्याच्या गिऱ्हाइकाच्या लॉगिनमध्ये पत्ते पक्के करण्याची सोय नाही आणि काही डबे वायफायवरून केबलवर ती शोधायची हाक पुढे जाऊच देत नाहीत. म्हणजे दोष गेला नसता, नुसता बदलला असता. म्हणून मेश राउटरच ठेवला आणि ओएनटीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली : 'याचं वायफाय बंदच ठेवा, वायफायचं नाव विचारलं तर दुसरं सांगा.' लाइनवाला ती वाचेल का, हे माझ्या हातात नाही. ज्या घरात ओएनटीवर पत्ते पक्के करता येतात, तिथे ॲक्सेस पॉइंटची पद्धत आधी करून बघणार आहे, गटाचं वाजणं दोन्ही पद्धतींत सारखं राहतं का, तेही मोजून.