फोनचा आवाजमापक, टप्पा 3: श्रवण चाचणीच्या खोलीत डेसिबल-ए का पुरत नाही

ऑफसेटचं, म्हणजे फोनच्या आकड्यात करायच्या ठरावीक दुरुस्तीचं काम मार्गी लागलंय. स्पीकरवर पिंक नॉइज (सगळ्या ऑक्टेव्हमध्ये सारखी ऊर्जा असलेला खरखराट), 1 मीटर अंतरावर क्लास 2 दर्जाचा प्रमाणित आवाजमापक आणि फोन, दोन्ही माइक एकमेकांना जवळजवळ चिकटून. फोनचं कव्हर आधी काढायचं. 50 ते 90 डेसिबलपर्यंत दर 10 ला 30 सेकंदांचा एलएईक्यू (त्या वेळातली सरासरी पातळी, डेसिबल-ए मध्ये) घ्यायचा. डेसिबल-ए म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार वारंवारतांना कमी-जास्त महत्त्व, म्हणजे ए-भार, देऊन काढलेला एकच आकडा. फरक सगळीकडे सारखा असेल तर तोच ऑफसेट. वरच्या पातळीला फोन मागे पडत असेल तर ऑटो गेन (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) चालू आहे; अँड्रॉइड 7 पासूनचा 'अनप्रोसेस्ड', म्हणजे माइकचा आवाज न बदलता देणारा स्रोत वापरणारं अ‍ॅप शोधा, फोननेही त्याला साथ द्यायला हवी. खाली येताना फोन जास्तजास्त दाखवू लागला तर तो माइकचा स्वतःचा गोंगाट. ऑफसेटने तो जात नाही.

माइकचं सिग्नल-टू-नॉइज (94 डेसिबलच्या ठरावीक आवाजापेक्षा माइकचा स्वतःचा गोंगाट किती खाली आहे तो आकडा) 65 डेसिबल असेल तर हा तळ 94 वजा 65, म्हणजे 29 डेसिबल-ए. खरी पातळी 25 असलेल्या खोलीत अ‍ॅप 30.5 दाखवणार. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या आयफोन अ‍ॅपची ±2 डेसिबलची अचूकता 65 ते 95 मध्ये तपासलेली आहे. शांत खोलीत ती गृहीत धरू नये.

पण खरी गोची वेगळीच. कानावर हेडफोन ठेवून चाचणी करताना खोलीतल्या गोंगाटासाठी एएनएसआय एस 3.1 या अमेरिकी मानकाची मर्यादा ऑक्टेव्ह पट्ट्यानुसार (वारंवारता दुप्पट होईपर्यंतचा एक पट्टा) असते: 500 हर्ट्झला 21 डेसिबल, 1000 ला 26, 4000 ला 37. समजा 500 च्या पट्ट्यात 30 डेसिबल गोंगाट आहे, मर्यादेच्या 9 वर. ए-भारामुळे त्याचे 26.8 होतात, माइकचा तळ मिळवून स्क्रीनवर 31. खोली शांत वाटते आणि रुग्णाचा 500 चा उंबरठा (ऐकू येणारी सर्वात कमी पातळी) उगाच वाढलेला निघतो! याउलट 125 ते 8000 च्या सगळ्या मर्यादा काठोकाठ भरल्या तरी बेरीज सुमारे 42 डेसिबल-ए. म्हणून अ‍ॅपने 45 दाखवले तर खोली नापास करा, पण कमी आकड्यावर पास कधीच करू नका.

पुढचं काम ऑक्टेव्ह पट्ट्यांचं. पट्टा अरुंद झाला की त्यातला माइकचा गोंगाटही घटतो, त्यामुळे आशा आहे. फोनला जोडायचा बाहेरचा माइक डेटन आयएमएम-6, त्याच्या सिरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल अ‍ॅपमध्ये भरून. माइकवर बसवून ठरावीक आवाज देणाऱ्या 1 किलोहर्ट्झ, 94 डेसिबलच्या कॅलिब्रेटरला पाव इंची अडॅप्टर लागतो. माइक आतल्या ओ-रिंगपर्यंत (रबरी कड्यापर्यंत) घट्ट बसला नाही तर हवा गळते, अ‍ॅप कमी वाचतं आणि तुम्ही चुकीचा ऑफसेट भरून बसता. माइक काढून पुन्हा बसवा, तीन वेळा. आकडे जुळले तरच पुढे.