पहाटेची गाडी आणि आदल्या रात्रीची खोली

रात्रभराच्या प्रवासाची गाडी पहाटे साडेचार-पाचला सोडते आणि हॉटेलचं चेक-इन असतं दुपारी दोनला, कुठे तीनला. मधले नऊ-दहा तास तरुण माणूस कसेही काढतो. बॅग ठेवतो, तोंड धुतो, शहर बघायला निघतो. सत्तरीतल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. रात्री झोप तुटक झालेली असते. वारंवार उठायला नको म्हणून पाणी कमी प्यायलेलं असतं. बसून-बसून पाय सुजलेले असतात आणि सकाळच्या गोळ्या खाण्यासोबत घ्यायच्या असतात. अशा वेळी त्याला पलंग, स्वच्छ संडास आणि आडवं व्हायला चार तास मिळायला हवेत. लॉबीतला सोफा त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की गाडी सकाळी सातच्या आत पोहोचत असेल, तर खोली आदल्या रात्रीपासूनच घ्यावी. एका रात्रीचे जास्तीचे पैसे जातात हे खरं, पण खर्च कुठे वाचवायचा असेल तर मुक्कामाच्या शेवटी वाचवावा, पहिल्या सकाळी नाही.

‘लवकर चेक-इन मिळेल का?’ असं विचारलं की बहुतेक ठिकाणी ‘उपलब्ध असल्यास’ हे उत्तर येतं. ते टाळाटाळीचं नसतं. आदल्या रात्री एखादी खोली रिकामी राहिली, तरच ती पहाटे तयार मिळते. सगळ्या खोल्या भरलेल्या असतील तर पाहुणे दहा-अकराला बाहेर पडणार, साफसफाई त्यानंतर होणार, आणि पहाटे पाचला काउंटरवरचा माणूस कितीही भला असला तरी देणार काय? त्यामुळे गर्दीच्या दिवसांत या उत्तराच्या भरवशावर राहू नये. काही हॉटेलं अर्ध्या दिवसाचे पैसे घेऊन लवकरच्या चेक-इनची हमी देतात. ती हमी लेखी मिळत असेल आणि एका रात्रीच्या भाड्यापेक्षा बरीच स्वस्त पडत असेल, तर जरूर घ्यावी. गाडी नऊ-दहाला पोहोचणारी असेल, तर मात्र साधी विनंती आणि सामान ठेवायची सोय एवढ्यावर भागतं.

आदल्या रात्रीचं बुकिंग करताना सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. समजा गाडी 14 तारखेला रात्री सुटते आणि 15 ला पहाटे 4:40 ला पोहोचते. खोली 14 पासून घ्यायची. अनेक जण पोहोचण्याची तारीख म्हणून 15 टाकतात आणि मग 15 च्या दुपारपर्यंत ताटकळतात. गाडी मध्यरात्रीनंतर, म्हणजे 00:20 सारख्या वेळेला सुटणारी असेल तर आणखी सांभाळावं लागतं. तिकिटावर 15 असेल, तर स्टेशनवर 14 च्याच रात्री जायचं असतं.

तारीख बरोबर टाकली तरी एक धोका उरतो, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. हॉटेलात रोज रात्री उशिरा, साधारण दोन ते चारच्या दरम्यान, दिवसाचा हिशेब बंद करतात. तोपर्यंत जो पाहुणा आला नाही तो ‘नो-शो’ धरला जातो, आणि कित्येक ठिकाणी नो-शो म्हटलं की फक्त ती एक रात्र नाही, पुढचं सगळं बुकिंग रद्द होतं. म्हणजे तुम्ही पैसे भरून पहाटे पाचला दारात उभे आणि खोली दुसऱ्याला दिलेली! हे टाळायला बुकिंग करतानाच निरोप लिहून ठेवावा: ‘खोली 14 तारखेच्या रात्रीपासून घेतली आहे. प्रत्यक्ष पोहोचणार 15 तारखेला पहाटे 5:15 च्या सुमारास, रेल्वेने. कृपया नो-शो धरू नये. उशिरा येणार असल्याची नोंद झाल्याचं कळवावं.’ त्यात गाडीचा क्रमांकही घालावा. हे उत्तर लेखी आलं पाहिजे. शिवाय निघायच्या संध्याकाळी थेट हॉटेलला फोन करून तेच पुन्हा सांगावं आणि फोनवर बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवावं. बुकिंगच्या संकेतस्थळावर टाकलेला निरोप रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोहोचतोच असं नाही, फोनवरची नोंद बहुधा पोहोचते.

या पद्धतीचे दोन फायदे लक्षात ठेवा. गाडी चार तास उशिरा आली तरी खोली तुमचीच असते, धावपळ होत नाही. आणि भाड्यात नाश्ता धरलेला असेल तर 15 च्या सकाळचा नाश्ता तुमच्या हक्काचा असतो. काउंटरवर तसं विचारून घ्या, कारण आत्ताच आलेल्या पाहुण्याला तो द्यायचा हे तिथल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही.

आता जागेबद्दल. ‘स्टेशनपासून 300 मीटर’ या आकड्यावर भाळू नये. हे अंतर नकाशावर बहुधा स्टेशनच्या मधल्या खुणेपासून सरळ रेषेत मोजलेलं असतं. मोठ्या स्टेशनला दोन बाजू असतात आणि हॉटेल पलीकडच्या बाजूला असलं, तर पादचारी पूल चढून-उतरून किंवा भुयारी मार्गाने जावं लागतं. एक डबा साधारण 24 ते 26 मीटर लांब असतो, म्हणजे वीस डब्यांच्या गाडीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं तर फलाटावरच पाचशे मीटर होतात. बॅग ओढत सेकंदाला 0.8 मीटर या वेगाने चालणाऱ्याला याला दहा मिनिटांहून जास्त लागतात, आणि हॉटेलचा रस्ता अजून सुरूच झालेला नसतो. म्हणून गाडी कोणत्या फलाटावर येते, बाहेर पडायचा रस्ता आणि लिफ्ट कोणत्या टोकाला आहे हे आधी बघून डबा निवडता आला तर निवडावा. हॉटेल कोणत्या दरवाज्यासमोर आहे तेही नकाशावर रस्त्याचं दृश्य उघडून बघावं. पदपथ आहे का, रस्ता ओलांडावा लागतो का, पहाटे तिथे उजेड असेल का, हे त्यात बरंच कळतं. सातशे मीटरवरचं पण स्टेशनच्या दारातून टॅक्सीने सरळ पोहोचता येणारं हॉटेल दोनशे मीटरवरच्या गल्लीतल्या हॉटेलापेक्षा सोयीचं ठरू शकतं. टॅक्सीवाले फार जवळचं भाडं नाकारतात, हेही हिशेबात धरा.

स्टेशनच्या इमारतीतच खोली मिळत असेल तर तिचा विचार आधी करावा. भारतातल्या अनेक मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम असतात. निश्चित झालेल्या तिकिटाच्या पीएनआरवर त्या आधी राखून ठेवता येतात. पहाटे उतरून काही तास झोपून पुढे जायचं असेल तर हा पर्याय चांगला आहे. फक्त खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, हे विचारूनच.

लिफ्टबद्दल विचारताना ‘लिफ्ट आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत पोहोचायला सहा-आठ पायऱ्या असतात, किंवा ती मजल्यांच्या मधे थांबते. त्यापेक्षा असं विचारा: ‘रस्त्यापासून खोलीच्या पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतात?’ या प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं. मजल्याच्या क्रमांकातही फसगत होते. भारतात आणि ब्रिटनमध्ये पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, अमेरिकेत मात्र जमिनीलगतचाच मजला पहिला. उतार, म्हणजे रॅम्प असेल तर 1:12 हे प्रमाण सुसह्य मानतात. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. त्याहून उभ्या उतारावर जड बॅग मागे खेचते.

न्हाणीघराची चौकशी मी पलंगाच्याही आधी करायला सांगेन. थकलेल्या अवस्थेत पडण्याचा धोका तिथेच सर्वाधिक. टबवर लावलेला शॉवर असेल तर 45-50 सेंटिमीटरचा कठडा ओलांडून ओल्या जागेत पाय टाकावा लागतो. तो नको. सपाट जमिनीचा शॉवर आणि भिंतीला धरायला पक्की दांडी मागा. टॉवेलची दांडी वजन पेलत नाही. कमोडची बैठक 43 ते 48 सेंटिमीटर उंच असली की गुडघे दुखणाऱ्याला उठताना फार फरक पडतो, साध्या कमोडची बरेचदा त्याहून कमी असते. या सोयी असलेल्या खोल्या मोठ्या हॉटेलांत एक-दोनच असतात, त्यामुळे निव्वळ बुकिंगमधल्या शेऱ्यावर न सोडता खोली नक्की करून घ्या.

रिसेप्शनवर रात्रभर माणूस असतो का, हे लहान गेस्ट हाउसच्या बाबतीत आवर्जून विचारा. हल्ली बऱ्याच ठिकाणी दाराला कोडचं कुलूप असतं आणि कोड मोबाइलवर येतो. पहाटेच्या अंधारात, चष्मा सापडत नाही, बॅटरी संपत आलेली, आणि कोड चुकला तर फोन उचलायला कोणी नाही. असं ठिकाण स्वस्त असलं तरी पहिल्या रात्रीसाठी घेऊ नये. ओळखपत्र आणि ज्या कार्डाने बुकिंग केलं ते कार्ड बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशातल्या पाकिटात ठेवा, काउंटरवर तीच मागतात.

दोन बुकिंग करू नका. आदली रात्र एका आणि पुढचे दिवस दुसऱ्या बुकिंगमध्ये असले, तर संगणकाच्या दृष्टीने तुम्ही 15 च्या सकाळी खोली सोडणारे पाहुणे असता आणि झोपल्यावर तासाभरात दारावर टकटक होते. तसं झालंच असेल, तर पोहोचताक्षणी दोन्ही जोडून खोली तीच ठेवायला सांगा.

खोली मागताना आतल्या बाजूची, रुळांपासून आणि टॅक्सी थांब्यापासून दूर, लिफ्टच्या जवळ पण अगदी शेजारी नको, असं नेमकं सांगा. झोपायला जाताना दारावर ‘व्यत्यय नको’ची पाटी लावा आणि काउंटरवरही सांगून ठेवा, कारण नऊ ते अकरा ही सफाईची वेळ असते. गाडीतून उतरण्याआधीची एक सवयही लावून घ्या. स्टेशन येण्याच्या वीस मिनिटं आधी उठून बर्थच्या कडेला बसा, पोटऱ्या हलवा, घोटभर पाणी प्या आणि मगच उभे राहा. बराच वेळ आडवं राहून एकदम उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येते, आणि दाराजवळच्या उंच पायरीवर ती येणं धोक्याचं.