घरपट्टीची नोटीस बदलण्याआधी यादी साफ करा

लोकांच्या वागण्याचा अभ्यास करून सरकारी कारभार सुधारायचा, असा विषय निघाला की ब्रिटनचा दाखला हमखास येतो. तिथे २०१० साली सरकारने या कामासाठी वेगळी टीम काढली. थकबाकीदारांच्या पत्रात ‘दहातले नऊ जण कर वेळेवर भरतात’ असं एक वाक्य घातलं आणि भरणा वाढला.

ते वाक्य उचलून सोलापूरच्या घरपट्टीच्या नोटिशीत घालू नका. ज्या पेठेत निम्मे लोकही वेळेवर भरत नसतील तिथे ते खोटं ठरेल. उलट थकबाकीदारांचा खरा टक्का छापला, तर वाचणारा म्हणेल, चला, आपण एकटे नाही! त्यापेक्षा शास्तीचा, म्हणजे उशिराच्या दंडाचा, रुपयांतला आकडा नव्या नोटिशीत घालून आजमावून बघण्यासारखा आहे: अर्ध्या खात्यांच्या गटाला नवी नोटीस, उरलेल्या अर्ध्या गटाला जुनीच. थकबाकीवर महिन्याला २ टक्के, म्हणजे १०,००० रुपये थकले असतील तर दरमहा २०० रुपये. कलमांच्या जंगलात हा आकडा कुणाला दिसतच नाही.

पण त्याआधी यादी. मालक वारलेला, नाव बदललेलं नाही, एकाच घराची दोन खाती, हे नेहमीचंच. मोबाइल नंबरांचा रकाना लावून मोजा: एकच नंबर पाच-सहापेक्षा जास्त मिळकतींपुढे आला, तर तो बहुधा एजंटचा किंवा सेतू केंद्राचा. असे नंबर वगळा, तेही गट पाडायच्या आधी.

गट चिठ्ठ्या टाकूनच पाडायचे. जुळे सोलापूरला नवी नोटीस आणि साखर पेठेला जुनी असं केलं, तर फरक नोटिशीचा की वस्तीचा, हे कधीच कळणार नाही. एक्सेलमध्ये ‘रँड’ या सूत्राने चिठ्ठ्यांसारखे आकडे पाडले की लगेच ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा. नाहीतर फाइल उघडताच आकडे बदलतात आणि कोण कुठल्या गटात होतं याचा पुरावाच उरत नाही. एका वाड्यातली बिऱ्हाडं एकाच गटात ठेवा, कारण नोटिसा जिन्यातच एकमेकांना दाखवल्या जातात. आज ३० टक्के लोक भरत असतील आणि ३५ टक्क्यांपर्यंतची वाढ पकडायची असेल, तर प्रत्येक गटात साधारण १,४०० खाती लागतात. वाडावार गट पाडले तर त्याहून जास्त. दोनशे-दोनशे खात्यांच्या ‘पायलट’मधून हाती काही लागत नाही, फक्त फोटो निघतात.

एसएमएस पाठवणार असाल, तर देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरंच मावतात, रोमनमध्ये १६०. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे रक्कम आणि तारीख आधी, ‘आपणांस कळविण्यात येते की’ गाळा. मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे असे संदेश नोंदवायच्या दूरसंचार कंपन्यांच्या पोर्टलवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नंतर एक शब्द बदलला तरी संदेश अडकतो. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी तेलुगू मजकूरही तयार ठेवा.

मोजायचं काय, तर ३० दिवसांत किती खात्यांनी भरलं. जमा रकमेची बेरीज दोन-चार मोठ्या कारखान्यांमुळे फसवते. आणि नोटीस परत आली, दाराला कुलूप होतं, म्हणून खातं वगळायचं नाही. ज्या गटात होतं तिथेच मोजायचं. वगळलं की भेटणाऱ्यांचाच गट उरतो, आणि ते तसेही जास्त भरतात.

‘अर्ध्या लोकांना जुनीच नोटीस का?’ असा प्रश्न बैठकीत येणारच. त्यांना जुनीच जाणार होती. महिन्यानंतर जी चांगली ठरेल ती सगळ्यांना पाठवा.