पाइनखालचा वाफा: पाणी अखेर मुरलं

चांगल्या पावसानंतरही पाइनच्या झाडांखालच्या मधल्या वाफ्यातल्या टियारेलाच्या (सावलीत वाढणारं बुटकं फुलझाड) पानांच्या कडा करपत होत्या, त्याचं मूळ सापडलं. पर्जन्यमापकात इंचभर पाणी, आणि बुंध्यापासून चार फुटांवर खुरपं खुपसलं तर तीन इंच खाली माती ठणठणीत कोरडी! दोष सावलीचा नाही, मातीच्या सामूचाही (pH) नाही. माती परीक्षणाच्या अहवालात सामू ५.४ आलाय, फर्नला आणि अझेलियाच्या फुलझुडपांना उत्तम. पाइनच्या सुयांमुळे (सुईसारख्या गळलेल्या पानांमुळे) माती आंबट होते हा समज आता सोडाच. कुजता कुजता त्यांचा आंबटपणा निघून जातो.

पाणी अडवत होता जुन्या सुयांचा खालचा थर. वर पसरलेल्या ताज्या सुयांमधून (पाइन स्ट्रॉ) पाणी सहज उतरतं. त्याखाली मात्र अर्धवट कुजलेल्या सुया आणि बुरशीचे पांढरे तंतू एकमेकांत असे गुंतलेत, की एक कोपरा उचलला तर घोंगडीसारखा अख्खा तुकडा हातात येतो. हा थर एकदा पुरता सुकला की पाणी शिरूच देत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या लाल चिकट मातीच्या उतारावरून ते थेट कुंपणाकडे पळतं. जे थोडं मुरतं, ते लॉबलॉली पाइनची वरवरची मुळं आधी ओढून घेतात.

थर फोडायला लोखंडी दाताळं नको, मुळांची साल निघते. पंख्यासारखं, लवचिक दातांचं घ्या. सगळा थरही काढू नका. उघड्या मातीवर पावसाचा मारा बसला की वर कवच धरतं. अर्धा इंच ठेवून वर दोन इंच ताज्या सुया पुरतात. मग पाणी टप्प्यांत: दहा मिनिटं सोडायचं, अर्धा तास बंद, पुन्हा दहा. चौथ्या फेरीनंतर सहा इंचांपर्यंत ओल उतरली!

आता कायमचं ठिबक. इनलाइन नळी (ड्रिपर आतच बसवलेली), १२ इंचांवर ताशी ०.६ गॅलनचे ड्रिपर, ओळींत १८ इंच अंतर. हिशेबानं तासाला साधारण ०.६४ इंच पाणी पडतं, म्हणजे आठवड्याच्या इंचभर पाण्याला दीड तास. ४५-४५ मिनिटं दोनदा द्यावं. नळी सुयांखाली, मातीला टेकलेली हवी. फिल्टर आणि २५ पीएसआयचा दाब राखणारा रेग्युलेटर यांत काटकसर नको. वीड मॅट (तण रोखणारं कापड) तर अजिबात नको, सुया तिच्यावरच कुजतात आणि पुन्हा तोच थर जमतो.

रोपं प्लगचीच (ट्रेच्या छोट्या कप्प्यांत वाढवलेली) घ्या. गॅलनच्या कुंडीतल्या रोपाला मोठा खड्डा लागतो आणि तेवढी मोकळी जागा मुळांत मिळत नाही. अंगठ्याहून जाड मूळ लागलं की खड्डा सरकवायचा, मूळ तोडायचं नाही. नर्सरीतला पीटचा गोळा सुकलेला असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवून ठेवा. वर कंपोस्ट इंचभरच; मुळांवर मातीची भर घातली तर पाइन गुदमरतो.

ऑटम फर्ननं ओल लागताच तांबूस कोंब उलगडलेत, बघत राहावंसं वाटतं.

दोन बुंध्यांमधल्या त्रिकोणात पाच अझेलिया ठरल्या होत्या. पण अझेलियाची मुळंही उथळ, म्हणजे तिथे पाण्यासाठी झुंजच. त्या आता फांद्यांच्या घेराबाहेर, सकाळचं ऊन येतं तिथे जातील. त्रिकोणात केरेक्स पेनसिल्व्हॅनिका या गवतासारख्या झाडाचे प्लग, दहा-दहा इंचांवर. की तिथून पायवाटच काढावी? काढलेला जुना थर वाटेवर अंथरायला छानच आहे, पाणी झिरपू देत नाही म्हणून तण उगवायलाही वाव कमी. बुंध्यालगत तीन फूट वाट, केरेक्स फक्त कडेला: हेच पक्कं. ऑक्टोबरात वाफसा आला की आधी नळी, मग प्लग.