शिंपल्यांचा किल्ला आणि त्याच्या शेजारचं गाव

स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले म्हटलं की आपल्याला कोर्तेस आठवतो, पिझारो आठवतो, सोन्यानं भरलेली जहाजं वगैरे आठवतात. फ्लोरिडात यातलं काहीच नव्हतं. पॉन्से दे लिऑन 1513 ला येऊन गेला, मागून अजून काही जण आले, कुणी मेले, कुणी हात हलवत परतले, आणि शेवटी 1565 मध्ये पेद्रो मेनेन्देझनं सेंट ऑगस्टीन वसवलं ते सुद्धा सोनं सापडलं म्हणून नाही, तर उत्तरेला फ्रेंचांनी फोर्ट कॅरोलाइन बांधून ठेवला होता आणि क्यूबातल्या हवानाहून स्पेनला जाणारी खजिन्याची जहाजं याच किनाऱ्यावरून जायची म्हणून. फ्रेंचांना हाकललं म्हणजे कापूनच काढलं. वादळात जहाजं फुटून किनाऱ्याला लागलेले लोक शरण आले तरी बहुतेकांना मारलं.

त्यानंतरची शंभर वर्षं म्हणजे नुसतं रडगाणं. लाकडाचा किल्ला बांधायचा, तो कुजायचा नाहीतर जळायचा, की परत नवीन बांधायचा, असे नऊ झाले! पगाराचे पैसे मेक्सिकोहून यायचे आणि ते कधी वेळेवर यायचेच नाहीत. 1586 मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकनं गाव जाळलं (तेव्हा गोव्याचा आणि या गावाचा राजा एकच, दुसरा फिलिप, कारण पोर्तुगाल पण त्याच्याकडेच आलेलं). 1668 ला रॉबर्ट सर्ल्स नावाचा चाच्या रात्री घुसला आणि गाव लुटून गेला. मग कुठे माद्रिदवाल्यांना जाग आली, आणि दोनच वर्षांत इंग्रजांनी वर चार्ल्सटाऊन पण वसवलं. 1672 ला दगडी किल्ल्याचं काम सुरू झालं, ते 1695 ला संपलं. हाच कास्तिओ दे सान मार्कोस.

आता दगड म्हणजे काय, तर कोकिना. समोरच्या अनास्तासिया बेटावर मिळतो. मी भिंतीला अगदी नाक लावून बघितला, अख्खा दगड म्हणजे बारीक बारीक शिंपले एकमेकांना चिकटलेले, चिक्कीत शेंगदाणे दिसतात तसे सुटे सुटे दिसतात. खाणीतून काढला की ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीनं सुद्धा कापता येतो, मग वाळवत ठेवायचा की कडक होतो. चुना सुद्धा कालवांची शिंपलं भाजून केलेला. कारागीर हवानाहून आणलेले, इंजिनियर इग्नासिओ दासा, पण खरी ढोरमेहनत तिथल्या स्थानिक जमातींच्या लोकांची, गुलामांची आणि कैद्यांची. त्या काळी भिंतींना पांढरा गिलावा होता आणि कोपऱ्यातल्या टेहळणीच्या बुरुजांना लाल रंग, आता सगळं करडं झालंय.

मऊ दगडाचा किल्ला टिकणार कसा असं वाटतं, पण गंमत तिथेच आहे. 1702 मध्ये इंग्रजांच्या कॅरोलिना वसाहतीचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला, दीडेक हजार माणसं आत कोंडून बसली, जवळजवळ दोन महिने. मूरकडे भिंत फोडायला मोठ्या तोफाच नव्हत्या, हवानाहून मदतीची जहाजं आली तेव्हा गाव जाळून पळाला. 1740 ला इंग्रजांच्याच जॉर्जिया वसाहतीचा ओगलथॉर्प आला, त्यानं समोरच्या बेटावर तोफा मांडून जवळजवळ महिनाभर मारा केला, पण कोकिनाला तडा जायच्या ऐवजी गोळे आत रुतून बसायचे. ग्रॅनाइट असता तर ठिकऱ्या उडाल्या असत्या. आपल्याकडे आदल्याच वर्षी चिमाजी आप्पांनी वसईचा तशाच बाणाच्या टोकासारख्या बुरुजांचा किल्ला खाली सुरुंग पेरून घेतला होता, ओगलथॉर्प मात्र लांबूनच ठोकत बसला.

पण मला खरं सांगायचंय ते मोसे नावाच्या गावाबद्दल. किल्ल्याच्या उत्तरेला साधारण दोन मैलांवर. झालं असं की कॅरोलिनातले गुलाम पळून फ्लोरिडात यायला लागले होते, आणि 1693 मध्ये स्पेनच्या राजानं हुकूम काढला की कॅथलिक व्हाल तर तुम्ही मोकळे. ही काही दयामाया नव्हती हं, स्पॅनिश लोक स्वतः गुलाम ठेवतच होते, इंग्रजांचे मजूर कमी झाले आणि आपल्याला शिपाई मिळाले एवढाच हिशोब. हुकूम होता तरी फ्रान्सिस्को मेनेन्देझचं काय झालं बघा. जन्म पश्चिम आफ्रिकेतला, कॅरोलिनात गुलाम, तिथून पळून आला तर इथे परत गुलाम, आणि त्याच अवस्थेत काळ्या पलटणीचा कॅप्टन! अर्जामागून अर्ज केले तेव्हा 1738 ला गव्हर्नर मोन्तिआनोनं त्याला आणि बाकीच्यांना मोकळं केलं आणि मोसे वसवून दिलं. आजच्या अमेरिकेच्या हद्दीतलं सरकारमान्य असं मुक्त काळ्या लोकांचं हे पहिलं गाव.

ओगलथॉर्पच्या माणसांनी 1740 मध्ये हेच मोसे ताब्यात घेतलं होतं, गावातले लोक आधीच किल्ल्यात गेलेले. जूनमध्ये एका पहाटे स्पॅनिश शिपाई, मेनेन्देझची पलटण आणि त्यांच्या बाजूचे स्थानिक योद्धे असे मिळून तुटून पडले आणि इंग्रजांचा धुव्वा उडवला, वेढ्याची हवाच निघाली. पुढच्या वर्षी मेनेन्देझ समुद्रात इंग्रजांच्या हाती सापडला, त्याला फटके मारले, बहामात परत गुलाम म्हणून विकायला काढलं, आणि तरी 1759 पर्यंत हा गडी मोसेत परत हजर!! कसा आला असेल देव जाणे.

1763 ला तहात फ्लोरिडा इंग्रजांना देऊन स्पेननं त्यांनी युद्धात घेतलेलं हवाना सोडवून घेतलं. लढाईत कधी न पडलेला किल्ला कागदावर गेला. मोसेचे लोक पण सगळ्यांबरोबर क्यूबाला गेले, थांबले असते तर काय झालं असतं ते त्यांना चांगलंच माहीत होतं. पुढे अमेरिकन सरकारनं किल्ल्याचा तुरुंग केला, सेमिनोल जमातीचा नेता ऑसिओला याला इथेच ठेवलं होतं.

जाणार असाल तर किल्ला सगळेच दाखवतात, मोसेला मात्र मुद्दाम गाडी वळवावी लागते. मूळ गावाची जागा आता खाडीच्या दलदलीत आहे, 1980 च्या दशकात उत्खनन झालं तिथे. आणि डासांचा स्प्रे घ्या बरोबर, मी नेला नव्हता.