लेटरहेड प्रिंटरच्याच पोटात ठेवलं: माझा अनुभव

बिलं कोऱ्या कागदावर छापायची आणि लेटरहेड, चौकटी, बारकोड हे सगळं प्रिंटरनेच घालायचं, असं काम माझ्याकडे आलं. आधी प्रत्येक बिलाबरोबर लेटरहेडचं चित्र नेटवर्कवरून जायचं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ए-फोर पानाचं काळं-पांढरं चित्र कॉम्प्रेस न करता पाठवलं तर ४० लाखांहून जास्त बाइट होतात. तेच मॅक्रो म्हणून, म्हणजे क्रमांकाने किंवा नावाने बोलवता येणारा कमांडचा साठा म्हणून, प्रिंटरमध्ये ठेवलं तर ते बोलवायला मोजके बाइट पुरतात.

मॅक्रो बनवणं पीसीएलमध्ये, म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या भाषेत, सोपं आहे. त्याला क्रमांक द्यायचा, सुरुवातीची कमांड, मग रेषा, मजकूर, चित्र आणि शेवटी समाप्तीची कमांड. मध्ये रीसेट, म्हणजे प्रिंटरला मूळ स्थितीत नेणारी कमांड, मात्र चालत नाही. म्हणून 'प्रिंट टू फाइल' करून मिळालेली फाइल जशीच्या तशी वापरता येत नाही. तिच्या दोन्ही टोकांना रीसेट आणि पीजेएलचं (प्रिंटरचे जॉब आणि सेटिंग सांभाळणाऱ्या कमांडचं) वेष्टण असतं, शिवाय पान बाहेर टाकणारा फॉर्म फीड. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये) ते काढून टाकलं. बारकोडचा फाँट त्याच धर्तीवर चढवला: क्रमांक, हेडर (फाँटची सर्वसाधारण माहिती), मग एकेक अक्षर. देवनागरी शीर्षकासाठी मात्र फाँटच्या वाटेला गेलो नाही. पीसीएलचा फाँट आलेल्या कोडाप्रमाणे एकामागून एक अक्षर ठेवत जातो, जोडाक्षरं जुळवणं त्याचं काम नाही. ते शीर्षक मॅक्रोत चित्र म्हणूनच घातलं.

खरा प्रश्न टिकण्याचा. चढवलेला फाँट किंवा मॅक्रो आधी टेम्पररी असतो, म्हणजे पुढच्या रीसेटला पुसला जातो, आणि ड्रायव्हर तर जवळपास प्रत्येक जॉब रीसेटनेच सुरू करतो. परमनंट केला की रीसेटमधून वाचतो, पण राहतो रॅममध्येच. प्रिंटर बंद केला की गेला. रोज सकाळी कोणीतरी आठवणीने फाइल पाठवायची, ही व्यवस्था मला मुळीच मान्य नव्हती.

म्हणून प्रिंटरची डिस्क वापरायचं ठरवलं. पीजेएलच्या 'इन्फो फाइलसिस' कमांडने आत कोणता व्हॉल्यूम (साठवणुकीचा भाग) आहे आणि किती जागा मोकळी आहे ते कळलं. फाइल चढवते ती 'एफएसडाउनलोड'. तिला फाइलचा आकार बाइटच्या हिशोबात तंतोतंत सांगावा लागतो. आकडा कमी पडला तर उरलेले बाइट फाइलबाहेर राहतात आणि कचरा होऊन कागदावर उतरू शकतात. जास्त सांगितला तर पुढच्या कमांडही फाइलमध्येच गिळल्या जातात. पाठवणाऱ्या प्रोग्रामने वाटेत ओळींचे शेवट बदलले तरी हिशोब चुकतो, म्हणून ९१०० पोर्टवर (प्रिंटरचा थेट छपाईचा नेटवर्क मार्ग) थेट कच्चे बाइट पाठवले. नंतर 'एफएसडिरलिस्ट'ने दाखवलेला आकार मूळ फाइलशी जुळवून पाहिला. ही खात्री केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

डिस्कवर बसलेलं मॅक्रो आपणहून छापलं जात नाही. प्रत्येक पानावर आपोआप यावं यासाठी ओव्हरले चालू करावा लागतो, आणि रीसेटने तोही बंद होतो. बिलिंग प्रोग्राममध्ये प्रिंटरची सुरुवातीची स्ट्रिंग (बिलाच्या आधी प्रिंटरला जाणाऱ्या कमांड) लिहायची सोय होती. तिथे क्रम ठेवला: रीसेट, मॅक्रोचं नाव, ओव्हरले चालू.

सहीचं चित्र डिस्कवर ठेवायची मागणी आली, ती मी नाकारली. फाइल सिस्टीम उघडी असेल तर ९१०० पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही ते उचलू शकतो. डिस्कच्या वापरावर पीजेएलचा पासवर्ड लावला आणि ठरावीक मशीनखेरीज बाकीच्यांना तो पोर्ट बंद केला.

मूळ फाइली आणि त्या चढवणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर आहे. प्रिंटर बदलला तर ती पुन्हा चालवायची. नव्या प्रिंटरला डिस्क किंवा फ्लॅश नसेल, तर तो चालू होताच सर्व्हरनेच फाँट आणि मॅक्रो परमनंट म्हणून पाठवायचे, अशी दुसरी स्क्रिप्टही तिथेच ठेवली आहे.