न्हाणी कोणीकडं हाय?

कापड दुकानात साडीच्या काउंटरवर मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं. लगीनसराईत आजूबाजूच्या खेड्यांतले बस्ते आमच्याकडेच बांधले जायचे.

२०२२ चा एप्रिल. अक्षय तृतीया तोंडावर आलेली, पारा ४३ च्या पुढे. सकाळी साडेदहाला दारात क्रुझर थांबली. नवरदेवाकडच्या सहा बाया, नवरीकडच्या चार. पुरुष मंडळी उतरली ती थेट चहाच्या टपरीकडे.

बस्त्याचं गिऱ्हाईक गादीवर बसतं. चपला दाराशी काढायच्या, मांडी घालायची, मग आम्ही पुढ्यात घड्या मोडत जायचं. आमचा पोरगा पाण्याचे ग्लास फिरवतो. बाया ग्लास घेतात, ओठाला लावतात आणि भरलेलाच खाली ठेवतात. मला यात नवल नव्हतं, कारण मीही तेच करायची. घरून निघाल्यावर दुपारी दोनला जेवणाच्या सुट्टीत दोन गल्ल्या सोडून मावशीच्या घरी जायचं, त्यानंतर एकदम रात्री आठला आपल्या घरी. पाणी त्या हिशोबानं. वर्षातून दोनदा लघवीला जळजळ व्हायची, डॉक्टर म्हणायचे भरपूर पाणी प्या, आणि मी मान डोलवून गोळ्या घेऊन यायची.

दुकानात संडास नव्हता असं नाही. मागे जिन्याखाली होता. पण त्याची किल्ली गल्ल्यात. शेठ माणूस वाईट नाहीत, किल्ली कोणाला नाही म्हणाले नसते. पण किल्ली मागितली की "काय?" म्हणून मान वर करायचे. त्या एका "काय?"ला गिऱ्हाइकांसमोर, कामावरच्या पोरांसमोर उत्तर कोण देणार? मागणारं कोणी नाही म्हटल्यावर तिथे आधी रिकामी खोकी गेली, मग हात तुटलेला पुतळा गेला. २०१७ च्या दुकान कायद्यात दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर मालकानं संडास-मुतारीची सोय करायची असं होतं. आमच्या दुकानात रजिस्टरवर नऊ. पोरांना काही अडायचं नाही. मागची भिंत होतीच. शेठनी तिथे देवांच्या टाइल्स बसवल्या, तर पोरं चार पावलं पुढे सरकली.

तर त्या दिवशी एक वाजला तरी शालू ठरेना. गादीवर साड्यांचा ढीग. याचा काठ बारीक, त्याचा रंग अंगावर येते, ही म्हातारीसारखी दिसते. नवरीची आई शेवटाला बसली होती, एक गुडघा वर घेऊन, पदराचं टोक मुठीत आवळून. तिला काहीही दाखवा, ती इहीनबाईंकडे बघायची आणि इहीनबाई दाराकडे. आता काय होणार ते मला पाठ होतं. कोणीतरी म्हणणार, "जरा बाजारात पाहून येतो", आणि परत यायचं नाही. मग संध्याकाळी शेठ मला विचारणार, माल दाखवताना कुठे चुकलं?

तेवढ्यात नवरदेवाची आजी बोलली. "ए पोरी, न्हाणी कोणीकडं हाय?"

मी सवयीनं म्हटलं, "हात धुवायचे का आजी?"

"हात नाई वो. मुताले जायचं हाय. सकायपासून धरून बसली."

दुकान चिडीचूप. एक पोरगी तोंडाला पदर लावून हसली. आजी तिच्याकडे वळली. "हासतं काय? तू बी धरूनच बसली हायेस. साऱ्याच बसल्या." मग नवरीच्या आईकडे बघून म्हणाली, "उठा इहीनबाई. लेक देऊन रायल्या, जीव काहून देता?"

आणि दहाच्या दहा बाया उठल्या. नवरदेवाची आईसुद्धा. म्हणजे दोन्ही विहिणी अडीच तास एकमेकींपायी अडून बसल्या होत्या. हिला तिच्यासमोर मागायची लाज, तिला हिच्यासमोर.

शेठ गल्ल्यावरून उठले. "आजी, ते बंद आहे, तिथे सामान भरलं आहे."

"आमच्या गावात बी तेच," आजी म्हणाली. "बारा हजाराचा संडास बांधला, सरपंचानं फोटो काढून नेला, आन् बुढ्यानं त्यात कुटार भरलं. तुमचं कुटार काढा बाप्पा लवकर." २०१८ च्या एप्रिलात महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला, त्यात त्या कुटाराचाही, म्हणजे गुरांच्या भुशाचाही, वाटा असणार.

पोरांनी खोकी काढली. पुतळा दोघांनी उचलून भर दुकानातून नेला. नळ सोडला तर पाणीच नाही, तिकडची लाइन कधीची बंद. पिण्याच्या दोन कॅन आल्या. कॅनचं थंड पाणी बादलीत ओततानाचा शेठचा चेहरा मी विसरणार नाही.

कडी गंजलेली, लागत नव्हती. बायांना त्याची अडचण वाटलीच नाही. एक आत, एक दाराशी पाठ करून उभी. बाहेरून कोणी खाकरलं की आतून खाकरायचं. स्लिपरचा जोड एकच होता. जी बाहेर येईल ती तो पुढचीच्या पायांना सरळ पडेल असा वळवून ठेवायची. आजी भिंतीला टेकून सांगत होती, "अर्धीच बादली वो, मागचीले ठेवा." एका सुनेनं माझ्या कानात काही विचारलं. मी तिला जुना पेपर दिला आणि साडीचं एक रिकामं खोकं आत कोपऱ्यात ठेवलं. त्याचं काय करायचं ते कोणाला सांगावं लागलं नाही.

नवरीची आई शेवटी गेली. बाहेर येऊन तिनं स्लिपर वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. "तू नाई जात का वो?"

मी गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

गादीवर परतल्यावर सगळ्यांनी पाणी मागितलं. जग तीनदा भरावा लागला. आणि शालू? ढिगाच्या अगदी तळाशी पहिल्यांदा दाखवलेला डाळिंबी होता, तोच काढायला लावला. मानपानाच्या साड्या अर्ध्या तासात ठरल्या. पुरुष मंडळी बिल द्यायला आली तर म्हणे, "इतक्यात झालं?"

रात्री मी घड्या घालत होते. शेठ गल्ला मोजता मोजता थांबले. "मागच्या आठवड्यात ते दोन बस्ते उठून गेले होते ना..."

मी म्हटलं, "हो."

पुढे काही बोलले नाहीत. नोटा परत पहिल्यापासून मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, कडी नवी बसली. किल्ली आता साडीच्या काउंटरमागे खिळ्याला असते, मागावी लागत नाही. स्लिपरचे मात्र तेव्हापासून चार जोड चोरीला गेले. शेठ प्रत्येक वेळी कुरकुरतात आणि आठवडी बाजारातून नवा जोड आणतात, दर वेळी आधीच्यापेक्षा हलका.